विश्लेषण : रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाला हवी होती फक्त हवा, मग मॅनिफोल्डमध्ये काजळी आली कुठून?

डिझेल गाडीचा पिकअप कमी झाला, ॲव्हरेज पडले, चढावर काळा धूर येऊ लागला, की मेकॅनिक इनटेक मॅनिफोल्ड खोलून दाखवतो. आत डांबरासारखा काळा चिकटा असतो. कधी कधी हवेची अर्धी वाट त्याने बुजलेली असते. गंमत अशी, की ज्या माणसाच्या नावाने हे इंजिन ओळखले जाते, त्याच्या आराखड्यात या वाटेने फक्त हवा जाणे अपेक्षित होते. तेल नाही, धूर नाही, काजळी तर नाहीच. ही काजळी तिथे कशी पोहोचली, ती कशी काढतात आणि रुडॉल्फ डिझेल नावाच्या इंजिनीअरच्या आयुष्याचे पुढे काय झाले, याचा हा आढावा.

कोण होते रुडॉल्फ डिझेल?

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील पुस्तकबांधणी आणि चामड्याच्या वस्तू करण्याचे काम करीत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मन कुटुंबांना शहर सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथे खाणारी तोंडे जास्त आणि मिळकत कमी अशी अवस्था होती. त्यामुळे बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला काका-काकूंकडे पाठवण्यात आले. काका तिथल्या तंत्रशाळेत गणित शिकवत.

हा मुलगा शाळेत पहिला आला आणि आपण इंजिनीअर होणार, हे त्याने चौदाव्या वर्षीच आई-वडिलांना पत्राने कळवून टाकले. पुढे शिष्यवृत्तीवर म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. १८७९ मध्ये अंतिम परीक्षेच्या वेळी टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेची वाट पाहताना त्यांनी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे सुल्झर कंपनीच्या कारखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतला. जानेवारी १८८० मध्ये ते सर्वोच्च श्रेणीत उत्तीर्ण झाले.

इंजिनाची कल्पना कुठून आली?

म्युनिकमध्ये त्यांचे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, आधुनिक शीतकरण यंत्रांचे जनक. लिंडे यांच्या तासाला विद्यार्थ्यांना एक कटू सत्य कळले. त्या काळी कारखाने, रेल्वे आणि जहाजे चालवणारे वाफेचे इंजिन कोळशातली जेमतेम दहा टक्के, बहुतेकदा त्याहूनही कमी, ऊर्जा कामात आणत असे. बाकीची धुराड्यातून आणि गरम पाण्यातून वाया जाई. दुसरीकडे फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो यांनी १८२४ मध्येच दाखवून दिले होते, की उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची कार्यक्षमता तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. फरक जितका मोठा, तितके काम जास्त. विद्यार्थी डिझेल यांच्या डोक्यात हे पक्के बसले. इतकी वाया जाणारी ऊर्जा वाचवायची कशी, हा प्रश्न त्यांनी पुढे जन्मभर सोडला नाही.

उत्तर दडले होते हवा दाबण्यात. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. हवा जोरात आणि पुरेशी दाबली, तर ती इतकी तापते की तिच्यात इंधन सोडताच ते आपोआप पेटते. ठिणगीची गरजच उरत नाही. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन आधी एकत्र करून मग दाबतात. त्यामुळे दाब फार वाढवता येत नाही, मिश्रण अवेळी पेटते. डिझेल यांनी क्रम बदलला. आधी फक्त हवा आत घ्यायची, ती प्रचंड दाबायची आणि इंधन शेवटच्या क्षणी सोडायचे.

म्हणजेच आज ज्याला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात, त्या वाटेने केवळ हवा जाणार, हा या इंजिनाचा पाया आहे.

पहिले इंजिन चालायला किती वर्षे लागली?

शिक्षणानंतर डिझेल यांनी लिंडे यांच्या कंपनीसाठी पॅरिसमध्ये बर्फ तयार करण्याच्या यंत्रांवर काम केले. १८८३ मध्ये मार्था फ्लाशे यांच्याशी विवाह झाला, तीन मुले झाली. नोकरी सांभाळून ते स्वतःच्या इंजिनाची गणिते मांडत राहिले. १८९० मध्ये ते बर्लिनला आले. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि फेब्रुवारी १८९३ मध्ये ते मंजूर झाले. त्याच वर्षी इंजिनाचा सिद्धान्त मांडणारे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

ऑग्सबर्गची यंत्रनिर्मिती कंपनी, म्हणजे आजच्या मानची पूर्वज, आणि क्रुप या पोलाद उद्योगाने पैसा व कार्यशाळा दिली. पण कागदावरचे गणित लोखंडात उतरेना. मूळ कल्पनेत हवा २५० वातावरणांइतकी दाबायची होती. तेवढा दाब पेलणारे यंत्र त्या काळी बनवणे शक्यच नव्हते. डिझेल यांना आपल्याच सिद्धान्तातून मागे यावे लागले. दाब कितीतरी खाली आणावा लागला आणि ज्वलनाची पद्धतही बदलावी लागली.

१० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत इंधन सोडताच स्फोट झाला. दाब मोजणारे उपकरण फुटले आणि त्याचे तुकडे उपस्थितांच्या डोक्यांजवळून उडाले. इंजिन चालले नाही, पण एक गोष्ट सिद्ध झाली. दाबलेल्या हवेत इंधन खरोखरच ठिणगीशिवाय पेटते.

१७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरले. साधारण मिनिटभरच. त्यानंतर आणखी तीन वर्षे दुरुस्त्या चालल्या. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे २० अश्वशक्तीच्या, माणसापेक्षा उंच अशा त्या एका सिलिंडरच्या इंजिनाने इंधनातल्या २६.२ टक्के ऊर्जेचे काम करून दाखवले. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक. हे इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

कोळशाची भुकटी की शेंगदाणा तेल?

पेटंट मागताना डिझेल यांच्या मनात कोळशाची बारीक भुकटीही इंधन म्हणून होती. पण कोळशाची राख सिलिंडर आणि पिस्टन खरवडून काढते, हे उघड होते. शेवटी खनिज तेलच कामी आले. म्हणजे इंजिनात साचणाऱ्या घाणीशी या शोधाचे भांडण पहिल्या दिवसापासून होते.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवण्यात आले. ते फ्रान्समधल्या ऑटो कंपनीने मांडले होते आणि फ्रेंच सरकारला आफ्रिकेतील वसाहतींमध्ये पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग पाहायचा होता. डिझेल यांनी इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवले, असे समाजमाध्यमांवर फिरणारे दावे चुकीचे आहेत. मात्र वनस्पती तेलांना पुढे महत्त्व येईल, असे मत त्यांनी १९१२ मध्ये मांडले होते.

पुरेसे दाबले की जे पेटते, ते या इंजिनात चालते. हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. मॅनिफोल्ड साफ करताना तोच धोक्याचा ठरतो.

यश मिळूनही कर्ज का झाले?

१८९७ नंतर पैसा धो-धो आला. अमेरिकेतले बिअर उद्योजक ॲडॉल्फस बुश यांनी तिथले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये डिझेल यांनी आपले हक्क एका नव्या कंपनीला ३५ लाख मार्कांना दिले. पण ही रक्कम बरीचशी शेअर्सच्या रूपात होती. म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला.

इकडे इंजिन अजून कच्चे होते. प्रयोगशाळेत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालणारे यंत्र गिऱ्हाइकाच्या कारखान्यात बंद पडे. इंधन फवारणारी नळी तुंबे, झडपा बिघडत. तक्रारी वाढल्या, काही इंजिने परत आली. ऑग्सबर्गमध्ये खास डिझेल इंजिनांसाठी काढलेला कारखाना बंद करावा लागला. जमिनीच्या व्यवहारांत डिझेल यांचे हात पोळले. तीव्र डोकेदुखी आणि मानसिक थकव्याने त्यांना अधूनमधून उपचार घ्यावे लागत. १९०३ मध्ये त्यांनी कामगारांच्या सहकारावर आधारित समाजरचनेचे पुस्तक लिहिले. या विचाराला ते इंजिनाइतकेच मोलाचे मानत. पुस्तकाच्या अगदी मोजक्या प्रती खपल्या.

श्रेयाचाही वाद होता. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्युअर्ट यांनी १८९० मध्येच जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. त्यात दाब कमी होता आणि इंधन पेटायला सिलिंडरला जोडलेला गरम कप्पा लागे. डिझेल यांचे वेगळेपण होते ते निव्वळ दाबाच्या उष्णतेवर इंधन पेटवण्यात आणि त्यातून मिळणाऱ्या कार्यक्षमतेत. तरीही टीका थांबली नाही. १९१३ मध्ये डिझेल यांनी आपल्या इंजिनाच्या जन्माचा वृत्तान्त लिहिला. त्याच वर्षी योहानेस ल्यूडर्स या प्राध्यापकाचे डिझेल ही एक दंतकथा असल्याचे सांगणारे पुस्तकही आले. तोवर मूळ पेटंटची मुदत संपली होती. इंजिन जगभर बनू लागले होते. १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज डिझेल इंजिनांवर महासागर पार करून गेले. शोध जिंकत होता, शोध लावणारा कर्जात बुडत होता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री काय घडले?

त्या संध्याकाळी डिझेल दोन सहकाऱ्यांसह अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन या जहाजात बसले. इंग्लंडमध्ये डिझेल इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या बैठकीसाठी ते निघाले होते. जेवण झाले, डेकवर गप्पा झाल्या. रात्री दहाच्या सुमारास ते केबिनमध्ये गेले. सकाळी सव्वासहाला उठवायला त्यांनी सांगितले होते.

सकाळी केबिन रिकामी होती. अंथरुणाला कोणी पाठ टेकलेली नव्हती. रात्रीचे कपडे तसेच मांडलेले होते, घड्याळ पलंगावरून दिसेल असे ठेवलेले होते. डेकच्या कठड्याजवळ त्यांची टोपी आणि घडी घातलेला कोट सापडला. त्यांच्या रोजनिशीत त्या तारखेपुढे एक छोटी फुली होती.

सुमारे दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्याची अवस्था वाईट होती. त्यामुळे खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. औषधाची डबी, पाकीट, चाकू आणि चष्म्याचे घर पाहून मुलगा ऑयगेन याने त्या वडिलांच्याच असल्याचे सांगितले. डिझेल तेव्हा ५५ वर्षांचे होते.

पहिले महायुद्ध तोंडावर होते, पाणबुड्यांसाठी डिझेल इंजिन कळीचे ठरत होते. त्यामुळे हेरांनी काटा काढला, तेल कंपन्यांनी घात केला, अशा कहाण्या आजही सांगितल्या जातात. त्यांना ठोस पुरावा नाही. मृत्यूनंतर कुटुंबाला कर्जाचा खरा आकडा कळला. अनेक चरित्रकार आत्महत्येकडे झुकतात, पण त्या रात्रीचे कोडे पूर्ण सुटलेले नाही.

हे इंजिन मोटारीत कधी आले?

डिझेल यांच्या हयातीत त्यांचे इंजिन मोटारीत बसणे कठीण होते. इंधन फवारण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि तिच्यासाठी जड कॉम्प्रेसर. पुढे पंपाने थेट इंधन फवारण्याची पद्धत आली. १९२० च्या दशकात ट्रक आणि १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही मोटार डिझेलवर आली.

महाराष्ट्राने हे इंजिन आधी ओळखले ते मोटारीतून नव्हे, तर विहिरीच्या काठावर. १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली आणि वीज न पोहोचलेल्या शिवारात पाणी उपसायला हँडल मारून सुरू होणारे डिझेल इंजिन आले. अनेक गावांत नुसते इंजिन म्हटले, तरी तेच डोळ्यांसमोर येते.

मग मॅनिफोल्डमध्ये काजळी आली कुठून?

याचे मूळ डिझेल यांच्या यशातच आहे. जास्त दाब म्हणजे जास्त तापमान, जास्त तापमान म्हणजे जास्त कार्यक्षमता. पण त्याच तापमानात हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू तयार होतात. ते कमी करण्यासाठी इंजिनीअरांनी एक युक्ती काढली. धुराचा काही भाग सायलेन्सरकडे न जाऊ देता पुन्हा मॅनिफोल्डमध्ये वळवायचा. याला ईजीआर म्हणतात. त्यामुळे आत ऑक्सिजन कमी पडतो, ज्वाला थोडी थंड होते आणि नायट्रोजन ऑक्साइड घटतात.

पण या धुरासोबत काजळी येते. दुसरीकडे पिस्टनच्या कडेने निसटलेले वायू क्रँककेसमधून इंजिन ऑइलचे बारीक तुषार घेऊन त्याच वाटेवर येतात, कारण ते बाहेर सोडायला परवानगी नाही. कोरडी काजळी आणि ओले ऑइल यांची गाठ पडली की चिकटा तयार होतो आणि थरावर थर चढतो. जुन्या पद्धतीच्या पेट्रोल इंजिनात झडपेच्या मागे फवारलेले पेट्रोल ती धुऊन काढते. डिझेलमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने ही आपोआप होणारी धुलाई नाही. थेट फवारणीच्या नव्या पेट्रोल इंजिनांतही झडपांवर कार्बन साचतो, तो याच कारणाने.

शहरात कमी वेगाने, छोट्या अंतरासाठी आणि इंजिन नीट तापण्याआधीच बंद होणाऱ्या गाडीत हा थर लवकर जमतो. भारतात बीएस-४ निकष एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. प्रदूषणावरची पकड घट्ट झाली, तसे हवेच्या वाटेचे काम गुंतागुंतीचे झाले.

साफसफाई कशी करतात?

- आधी तपासणी : पिकअप कमी होण्याची कारणे अनेक असतात. एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, इंजेक्टर आणि ईजीआर व्हॉल्व्ह आधी पाहावेत. ठराविक किलोमीटरला मॅनिफोल्ड साफ केलाच पाहिजे, असा सरसकट नियम नाही.
- स्प्रे : चालू इंजिनाच्या हवेच्या वाटेत रसायन फवारतात. पातळ थरावर थोडा उपयोग होतो. जाड थराचा खपला सुटून आत गेला, तर झडपेला इजा होऊ शकते.
- खोलून सफाई : जाड थरासाठी हाच खात्रीचा मार्ग. मॅनिफोल्ड काढून इंजिनाकडची तोंडे लगेच बंद करतात, म्हणजे कचरा आत पडत नाही. मग भाग रसायनात भिजवून ब्रशने घासतात, धुतात, पूर्ण वाळवतात आणि नवे गॅस्केट घालून बसवतात. ईजीआर व्हॉल्व्ह आणि दाब मोजणारा सेन्सर त्याच वेळी साफ होतो.
- झडपा : अक्रोडाच्या टरफलाचा भरडा हवेच्या दाबाने मारतात. तो कार्बन काढतो, पण धातूला ओरखडे पाडत नाही. त्या सिलिंडरची झडप पूर्ण बंद असणे आणि भरडा व्हॅक्यूमने ओढून घेणे आवश्यक असते.
- काय टाळावे : ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डला कॉस्टिक सोडा लावू नये, तो धातूच खातो. प्लास्टिकच्या मॅनिफोल्डला आच देऊ नये. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच.

सर्वांत मोठा धोका स्प्रे अति मारण्याचा. या इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. साठलेले रसायन किंवा ऑइल एकदम आत ओढले गेले, तर ते इंधनासारखे जळते आणि चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, वेग वाढतच जातो. शेंगदाणा तेलावर चालणारा गुण तो हाच.

ईजीआर पत्रा लावून बंद करण्याचा सोपा उपाय काही ठिकाणी सुचवला जातो. काजळी थांबते, पण ज्या वायूंसाठी ही सारी यातायात केली, ते पुन्हा थेट रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत जातात.

डिझेल यांच्या हिशेबाचे काय झाले?

वाया जाणारी ऊर्जा वाचवणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. आज मोठ्या मालवाहू जहाजांवरची डिझेल इंजिने इंधनातल्या निम्म्याहून अधिक ऊर्जेचे काम करतात. पण हिशेबात त्यांनी धरली ती फक्त उष्णता. धूर कुठे जाईल आणि कोणाला भोवेल, हा रकाना त्या काळी कोणीच मांडला नव्हता. तो शंभर वर्षांनी मांडला गेला. त्यातली बाकी आज गॅरेजमध्ये, मॅनिफोल्डच्या आतल्या भिंतीवर, बोटाला लागते.